सायकल चालवणाऱ्यांनी स्ट्रेचिंग करायचं का, की तो वेळ दुसरीकडे लावायचा?

बोपदेव_सकाळी

नमस्कार मंडळी. मी कोंढव्यात राहतो, वय ४३, काम आयटीतलं म्हणजे दिवसभर खुर्चीत. आठवड्यात दोनतीनदा सकाळी बोपदेव घाट नाहीतर दिवे घाट होतो, रविवारी ग्रुपबरोबर सातारा रोडला जरा लांबची राइड. यंदा डिसेंबरात पहिली २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायचं ठरवलंय, साडेतेरा तासांत २०० किमी, त्यामुळे आता सगळं जरा मनावर घेतलंय.

प्रश्न स्ट्रेचिंगचा आहे. आमच्या ग्रुपमधे यावरून दोन तट पडलेत. एक काका आहेत, साठी ओलांडलेली आणि अजून घाटात आम्हाला मागे टाकतात, ते निघायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून पंधरा मिनिटं ओणवं करतात, पायाचे अंगठे पकडायला लावतात, स्ट्रेचिंग केल्याशिवाय सायकलवर बसायचंच नाही म्हणतात. दुसरीकडे दोन पोरं आहेत पॉवर मीटरवाली, म्हणजे पेडलवरचा जोर यंत्राने मोजणारी, ती म्हणतात हे सगळं जुनं झालं, उलट ताकद कमी होते. यूट्यूबवर बघावं तर एक व्हिडिओ हे म्हणतो, दुसरा बरोबर त्याच्या उलट.

माझी परिस्थिती अशी की खाली वाकलो तर बोटं गुडघ्याच्या थोडी खाली जातात आणि संपलं. ७०-८० किमीनंतर कंबर धरते, जास्त डाव्या बाजूला, आणि शेवटच्या तासात मान वर करून रस्ता बघायचा कंटाळा येतो. सकाळी साडेपाचला निघून मुलाच्या स्कूलबसच्या आधी घरी यायचं असतं, म्हणजे वीस मिनिटं स्ट्रेचिंगला दिली तर तेवढी सायकल कमी होणार. तर ती वीस मिनिटं द्यावीत का? द्यायची तर आधी की नंतर? आणि कशाला?

रात्रीचा_रँडो

सांगतो, पण आधी सायकलकडे बघा, शरीराकडे नंतर. ८० किमीनंतर कंबर धरते आणि एकाच बाजूला धरते हे ऐकलं की माझ्या डोक्यात पहिली येते सीटची उंची. आपल्याकडे सीट उंच ठेवायची हौस फार, दिसायला भारी दिसतं म्हणून. सीट उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, मग प्रत्येक फेऱ्याला कमरेचं हाड त्या बाजूला खाली झुकतं. आता ९० च्या कॅडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलचे ९० फेरे धरले तर, तासाभरात ५४०० फेरे होतात. तीन तास म्हणजे सोळा हजारांच्या वर. एवढ्या वेळा कंबर डावीकडे उजवीकडे झोकांडत असेल तर संध्याकाळी कितीही ओणवं व्हा, ती दुखणारच.

घरी बघायचं असेल तर असं करा. सायकल भिंतीला लावा किंवा ट्रेनरवर चढवा, सीटवर नेहमीसारखं सरळ बसा, चवडा नाही तर टाच पेडलवर ठेवा आणि पेडल एकदम खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. टाच पोचायला कंबर वाकडी करावी लागली तर सीट उंच आहे. मग शूज घालून नेहमीसारखा चवडा ठेवला की त्याच जागी गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो, तेवढा हवाच. आणि बायकोला किंवा मुलाला मागून मोबाइलवर एक मिनिट शूट करायला सांगा, जर्सीची खालची कड डावीउजवीकडे हलताना दिसली की समजायचं. बदल एकदम करू नका, तीनचार मिलिमीटर खाली घ्या, आठवडाभर चालवा, मग पुढचे.

राइडच्या आधीच्या स्ट्रेचिंगबद्दल माझं स्पष्ट मत आहे: थंड अंगाने ओणवं होऊन ताणत बसू नका. पहिली पंधरावीस मिनिटं हलक्या गिअरवर पाय फिरवा, हाच वॉर्मअप. तुम्ही कोंढव्यातून निघता, घाट सुरू होईपर्यंत तेवढा रस्ता मिळतोच. काकांना मात्र नाराज करू नका, त्यांना त्या पंधरा मिनिटांनी बरं वाटत असेल तर ते काही चुकीचं करत नाहीयेत, फक्त सगळ्यांवर सक्ती नको.

फिजिओ_ठाणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः सायकल चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरची सीटची गोष्ट शंभर टक्के मान्य. आता स्ट्रेचिंगबद्दल लोकांच्या मनात तीन वेगवेगळ्या अपेक्षा असतात आणि त्या एकत्र केल्यामुळे भांडणं होतात.

पहिली अपेक्षा, इजा होणार नाही. यावर मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली, २००० साली प्रसिद्ध झाली, सैन्यात नव्याने भरती झालेल्या १५३८ जवानांवर. अर्ध्यांना १२ आठवडे प्रत्येक व्यायामाआधी पायांचं स्ट्रेचिंग करायला लावलं, अर्ध्यांना नाही. पायाच्या इजांमधे सांगण्यासारखा फरक पडला नाही. ज्याचा मुळात स्टॅमिना चांगला होता त्याला इजा कमी झाल्या, हे मात्र दिसलं. आणि ते तर पळणारे, उड्या मारणारे लोक होते. सायकलमधे पाय एका ठरलेल्या गोलात फिरतो, कुठलाच स्नायू पूर्ण ताणापर्यंत जात नाही. पेडल तळाला असतानाही गुडघा वाकलेला असतो, मग हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, ताणून फाटायचा प्रश्न येतो कुठे? सायकलवाल्यांच्या इजा दोनच प्रकारच्या, पडल्यामुळे होणाऱ्या आणि तीच हालचाल हजारो वेळा चुकीच्या मापावर केल्यामुळे होणाऱ्या. पहिलीला स्ट्रेचिंगचा उपयोग नाही, दुसरीला माप सुधारणं आणि किलोमीटर हळूहळू वाढवणं हाच उपाय.

दुसरी अपेक्षा, दुसऱ्या दिवशी अंग दुखणार नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते, तिचा २०११ चा आढावा बघितला तर फरक इतका बारीक आहे की दुखणं मोजायच्या १०० च्या पट्टीवर जेमतेम एक ते चार. तुम्हाला तो जाणवणारसुद्धा नाही. ते लॅक्टिक ॲसिड साठतं आणि ताणल्याने निघतं वगैरे सोडून द्या, ते तासाभरात आपोआप जातं. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायू लांब होता होता जोर लावतो तेव्हा होणाऱ्या सूक्ष्म इजांचं. म्हणूनच सिंहगड पायी उतरलात की दोन दिवस जिना उतरवत नाही, पण सायकलने तोच गड चढलात तर पाय थकतात, तसे ठणकत नाहीत. सायकलमधे स्नायू आखडत जोर लावतो, लांब होत नाही.

तिसरी अपेक्षा, लवचीकपणा. इथे मात्र स्ट्रेचिंग काम करतं. नियमित केलं तर काही आठवड्यांत रेंज, म्हणजे सांधा जिथपर्यंत हलतो ती मर्यादा, वाढते, त्यातला मोठा भाग स्नायू लांब झाल्यामुळे नसतो तर मेंदू तो ताण सहन करायला लागतो म्हणून असतो, पण वाढते हे खरं. प्रश्न एवढाच की तुम्हाला सायकलवर ती रेंज लागते का.

ते बघायला एक साधी तपासणी घरी करा. पलंगाच्या अगदी कडेला बसा, तसंच मागे पाठीवर झोपा, दोन्ही गुडघे छातीशी घ्या. आता एक गुडघा हाताने छातीशी घट्ट धरून ठेवा आणि दुसरा पाय सैल सोडून पलंगाच्या कडेवरून खाली लोंबू द्या. मांडी पलंगाला टेकली तर ठीक. मांडी वरच अधांतरी राहिली तर हिप फ्लेक्सर, म्हणजे कमरेच्या मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू, आखडलेला आहे. दिवसभर खुर्चीत कंबर वाकलेली, मग सायकलवर पुन्हा वाकलेली, अख्ख्या पेडलच्या फेऱ्यात मांडी एकदाही सरळ मागे जात नाही. आयटीवाल्या सायकलिस्टांमधे हा आखडलेला हमखास सापडतो. हे बघून इथे सांगा.

आणि ताकद कमी होते म्हणणारी पोरंही पूर्ण चूक नाहीत. राइडच्या तोंडावर एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला तर जोर थोडा कमी होतो हे दिसलंय. वीसतीस सेकंदांचं असेल आणि नंतर वॉर्मअप असेल तर नगण्य. तुम्हाला बीआरएम करायचीय, स्प्रिंट नाही, तुम्ही त्याची काळजी सोडा.

नाशिकची_चाकं

मी योग शिकवते आणि टूरिंगही करते, त्यामुळे थोडं वेगळं मत मांडते. ताई, तुम्ही म्हणता ते अभ्यास मला मान्य आहेत पण ते सगळे एकेका अपेक्षेला मोजतात. मला जे मिळतं ते मोजपट्टीत बसत नाही. कोकणातून सहा सात दिवसांची टूर करताना रोज सायकलवरून उतरल्यावर दहा मिनिटं जमिनीवर पडून सावकाश पाय, कंबर, छाती उघडली की रात्री झोप चांगली लागते, सकाळी सीटवर बसताना अंग लाकडासारखं होत नाही. श्वास खाली येतो, दिवसभर ट्रकच्या हॉर्नने ताणलेलं डोकं शांत होतं. ही काय छोटी गोष्ट नाही.

आणि वेगळं काही शिकायचीही गरज नाही. बारा स्थितींच्या सूर्यनमस्कारात चौथी आणि नववी स्थिती, अश्वसंचलनासन, एक पाय पुढे एक मागे, मागच्या पायाचा गुडघा टेकलेला, हा वर सांगितलेल्या हिप फ्लेक्सरचाच ताण आहे. सातवं भुजंगासन, सायकलवर पाठ जशी गोल होते त्याच्या बरोबर उलट. आपण शाळेत भरभर करायला शिकलो, एक दोन तीन चार च्या तालावर, तसं नको. एकेका स्थितीत पाच श्वास थांबा. अश्वसंचलनासनात बहुतेक सगळे कंबर पुढे ढकलतात आणि पाठीला बाक देतात, ताण कमरेत जातो. ढुंगण आत आवळा, बेंबी वर ओढा, मग बघा मांडीच्या पुढे मुळाशी कसा ताण येतो, कमी वाकूनही जास्त येतो.

एक विनंती, ओणवं होऊन अंगठे पकडणं हे आधीच कंबर धरणाऱ्या माणसाने सकाळी उठल्या उठल्या करू नये. हॅमस्ट्रिंगऐवजी कमरेचाच मणका वाकतो. आडवं झोपून एक पाय टॉवेलने वर ओढा, दुसरा जमिनीवर सरळ. काम तेच, कंबर सुरक्षित.

फिजिओ_ठाणे

नाशिकताई, झोप आणि शांत वाटणं याबद्दल मी अजिबात वाद घालणार नाही, माझे पेशंटही हेच सांगतात आणि ज्याला बरं वाटतं त्याने जरूर करावं. ढुंगण आवळायची सूचना तर प्रत्येकाने लिहून ठेवावी, क्लिनिकमधे मी दिवसभर तेच ओरडत असते.

माझा मुद्दा फक्त वीस मिनिटांच्या हिशोबाचा आहे. ज्याच्याकडे वेळ मोजका आहे त्याने ती सगळी स्ट्रेचिंगला देऊ नयेत, निम्म्याहून जास्त ताकदीच्या व्यायामाला द्यावीत. पूर्ण रेंजमधे केलेल्या वजनाच्या व्यायामानेही लवचीकपणा जवळपास स्ट्रेचिंगइतकाच वाढतो हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. नॉर्वेत बेंट रोनेस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलिस्टांना १२ आठवडे जड वजनाचा व्यायाम दिला आणि मग १८५ मिनिटं सायकल चालवून झाल्यावर शेवटची ५ मिनिटं जीव तोडून चालवायला लावली. ताकदीचा व्यायाम केलेल्यांची ती ५ मिनिटं सुधारली, नुसती सायकल चालवणाऱ्यांची नाही. तीन तास झाल्यावर अंगात काय शिल्लक राहतं हाच तर बीआरएमवाल्याचा प्रश्न आहे. शिवाय सायकलमधे हाडांवर भार येत नाही, वर्षानुवर्षं फक्त सायकल करणाऱ्यांची हाडं ठिसूळ व्हायची भीती असते, चाळिशीनंतर तर वजन उचलायलाच हवं.

घरी काय करायचं तर रोमानियन डेडलिफ्ट, हातात दोन डंबेल किंवा पाण्याचे कॅन, गुडघे किंचित वाकवून कंबर मागे ढकलत खाली जायचं, पाठ सपाट. खाली जाताना हॅमस्ट्रिंग वजनाखाली लांब होतो. सोबत एक पाय मागे खुर्चीवर ठेवून स्क्वॉट, त्यात मागच्या पायाचा हिप फ्लेक्सर ताणला जातो. आणि प्लँक. आठवड्यातून दोनदा, राइड नसेल त्या दिवशी. सुरुवातीला हलकं घ्या, नाहीतर मी वर सांगितलेलं सिंहगड उतरल्यासारखं दुखणं इथे येईल.

बोपदेव_सकाळी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. काल दोन्ही तपासण्या केल्या. मुलाने मागून व्हिडिओ काढला, जर्सीची कड स्पष्ट हलतेय, डावीकडे जास्त. सीट चार मिलिमीटर खाली घेतली. पलंगावरच्या तपासणीत डावी मांडी चांगली दोन इंच अधांतरी, उजवी जवळजवळ टेकते. म्हणजे डावीकडची कंबर आणि हे यांचा संबंध असावा का?

आणि मानेचं राहिलं. त्याला काही स्ट्रेच आहे का?

फिजिओ_ठाणे

संबंध असू शकतो, हो. हिप फ्लेक्सर कमरेच्या मणक्यालाच चिकटलेला असतो, तो एका बाजूला आखडला की कमरेवर ओढ तिकडे जास्त. म्हणजे तुमच्या बाबतीत स्ट्रेचिंगला खरं काम आहे, पण एका ठिकाणी. डाव्या बाजूला अश्वसंचलनासन, नाशिकताईंनी सांगितलं तसंच, ३० सेकंद, तीनचार वेळा, रोज, संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर. सहा आठवड्यांनी पुन्हा पलंगावर बघा. बाकी अंगठे पकडता आले नाहीत तरी बिघडत नाही. फक्त ड्रॉप्समधे, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर हात ठेवून, किंवा खूप खालच्या हँडलवर बसायचं असेल तर हॅमस्ट्रिंगची रेंज लागते, बीआरएमला तुमचे हात बहुतेक वेळ हूडवरच, म्हणजे ब्रेकच्या वरच्या पकडीवरच, असणार.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे, कंबरदुखी पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर इथल्या सल्ल्यावर राहू नका, कोणालातरी प्रत्यक्ष दाखवा.

रात्रीचा_रँडो

मानेचं मी सांगतो. मानेत होतं ते आखडणं कमी आणि थकणं जास्त. पाठ आडवी आणि डोकं वर, म्हणजे चारपाच किलोचं डोकं त्यात हेल्मेट, तासन् तास मागचे स्नायू उचलून धरतात. रेस अक्रॉस अमेरिकामधे, म्हणजे अमेरिका आडवी पार करायच्या सायकल शर्यतीत, जी नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मधे जोडीने पूर्ण केली, याचं टोक बघायला मिळतं. मान इतकी थकते की डोकं उचलताच येत नाही, हनुवटी छातीवर पडते. १९८३ च्या रेसमधे मायकेल शर्मर यांना हे झालं, तेव्हापासून त्याला शर्मर्स नेक म्हणतात. थकलेला स्नायू ताणून काय मिळणार, त्याला जोर द्यायला हवा. पालथं झोपून कपाळ जमिनीपासून इंचभर उचलून धरा, हनुवटी आत, दहा सेकंद, काही वेळा. खांद्याच्या मागचेही स्नायू करा.

आणि पुन्हा सायकल. हँडल खाली असेल तर मान तेवढी जास्त उचलावी लागते. हँडल धरून ठेवणारा तुकडा म्हणजे स्टेम, त्याच्या वरखाली असलेल्या चकत्या म्हणजे स्पेसर, ते बघा, एखादा वरचा खाली घालता आला तर हँडल तेवढं उंच होईल. स्टेम उलटा करूनही उंची मिळते. चष्म्याची वरची फ्रेम किंवा हेल्मेटचा व्हायझर नजरेच्या आड येत असेल तर त्यासाठीही मान जास्त वर करावी लागते, व्हायझर काढून टाका. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर हाताच्या जागा दर दहापंधरा मिनिटांनी बदला, ती तळव्यातली नस दबते.

उट्रेख्तहून

मी मूळची सांगलीची, सध्या नेदरलँड्समधे. इथे आमच्या शेजारच्या सत्तरीच्या आजी रोज सायकलवर बाजारात जातात आणि स्ट्रेचिंग करताना मी त्यांना एकदाही बघितलं नाही. पण त्यांची सायकल बघाल तर हँडल सीटपेक्षा उंच, पाठ ताठ, मान सरळ. मी स्वतः वीकेंडला रोडबाइकवर जाते तेव्हाच मान कंबर बोलते, रोजच्या ऑफिसच्या सायकलवर कधीच नाही. वरचं सगळं वाचून ते का हे आता नीट कळलं.

दिवेघाट_एक्सप्रेस

सगळ्यांनी स्ट्रेचिंगला इतकं कमी महत्त्व दिलंय म्हणून एक सांगतो, गोळा आला की तेच वाचवतं. ३०० च्या बीआरएमला रात्री पोटरीत गोळा येऊन रस्त्याच्या कडेला बसलेले लोक कितीतरी बघितलेत. उतरा, पाय सरळ करा, पंजा स्वतःकडे ओढून धरा, गोळा सुटेपर्यंत. मांडीच्या मागे आला तर टाच दगडावर ठेवून पाय सरळ ठेवा आणि कमरेतून पुढे झुका. सुटल्यावर लगेच जोर लावू नका, दोन गिअर हलके करा, थोडा वेळ पाय नुसते फिरवा. मीठ साखर पाणी घ्याच, पण गोळा बहुतेक वेळा येतो तो सवयीपेक्षा जास्त जोर लावल्यामुळे, पहिल्या ५० किमीत ग्रुपच्या मागे धावल्यामुळे. डिसेंबरला पहिली २०० असेल तर पहिला कंट्रोल, म्हणजे वाटेतला नोंदणीचा थांबा, येईपर्यंत कोणाच्याही मागे लागू नका, साडेतेरा तास भरपूर असतात.

बोपदेव_सकाळी

हे काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले निघायच्या आधीचं बंद करू, राइड संपल्यावर चहाच्या आधी करू. पोरंही तयार झाली.

एक शेवटचं विचारतो, सीट खाली घेतल्यापासून पेडल वर येताना गुडघा पोटाजवळ जास्त येतोय असं वाटतंय, डावीकडे जरा दाटतं. सीट परत वर घेऊ का?

रात्रीचा_रँडो

नको. क्रँकवर, म्हणजे पेडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीवर, आतल्या बाजूला तिच्या लांबीचा मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो, १७० किंवा १७२.५ असेल, तो बघून सांगा. तुमची उंची कमी असेल तर १६५ चा क्रँक लावून बघण्यासारखा आहे, १७० असेल तर पाय वर येतो तो पाच मिलिमीटरने कमी येतो आणि मांडीला जागा मिळते. मात्र क्रँक पाचने आखूड केला की सीट पाचने वर घ्यावी लागते, नाहीतर तळाला गुडघा जास्त वाकलेला राहील. म्हणजे वरच्या टोकाला एकूण दहा मिलिमीटर मोकळे होतात. खर्चाचं काम आहे, म्हणून आधी ते डाव्या बाजूचं अश्वसंचलनासन सहा आठवडे करा, हँडल थोडं वर घ्या, तरीही दाटलं तरच क्रँक.